सामाईक खात्याचं अतिवृष्टी अनुदान: माझा अनुभव

२०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा नदीचं पाणी आमच्या सोयाबीनमध्ये शिरलं. पंचनाम्याबद्दल माझी तक्रार नाही. तलाठी आणि कृषी सहायक चिखल तुडवत बांधापर्यंत आले, फोटो काढले, सह्या घेतल्या. जिरायतीला तेव्हा हेक्टरी ८,५०० रुपये अनुदान होतं, तीन हेक्टरांपर्यंत. आमचं एक हेक्टर ऐंशी आर, म्हणजे १५,३०० रुपये. शेजाऱ्यांच्या मोबाईलवर बँकेचे मेसेज यायला लागले, आमचा येईना.

अडलं होतं सामाईक खात्यावर, म्हणजे सातबारावर एकापेक्षा जास्त नावं असल्यावर. वडील गेल्यावर सातबारावर वारस लागले: आई, मी, पुण्यात असलेला धाकटा भाऊ आणि परभणीला दिलेली ताई. कसतो मी. अशा वेळी रक्कम एकाच्या नावावर घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. पंचनाम्याच्या दिवशी हे एका शब्दानं कुणी बोललं नाही. गावात विचारलं तर "यादी वर गेली, तालुक्याला विचारा." तालुक्याला गेलं तर "सामाईक आहे, गावातूनच दुरुस्त होऊन येऊ द्या." कोऱ्या संमतीपत्राचा नमुनासुद्धा कार्यालयात नव्हता, तो समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळाला.

भावाची सही झाली, आईचा अंगठा झाला. ताईच्या नावावर मात्र कागद परत आला. सातबारावर तिच्या नावापुढे आमच्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर भावजींचं नाव आणि सासरचं आडनाव. टेबलावरचे साहेब म्हणाले, "ही बाई वेगळी दिसते." ताई समोर उभी होती. तिकडची कापूस वेचणी सोडून, एसटीनं आलेली. बापाच्या जमिनीवर नाव लागलेल्या बहुतेक लेकींचे कागद असेच असणार, मग प्रत्येकीला असंच परत पाठवायचं का? मला त्या दिवशी फार राग आला, आजही येतो. शेवटी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडला, तेव्हा कागद घेतला.

एक सांगायचं राहिलं. कागद नुसता साहेबांच्या हातात देऊन येऊ नका. आवक-जावकला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पुढच्या वेळी "तुमचं काही आलंच नाही" असं ऐकवलं तेव्हा मी तो शिक्का दाखवला, आणि गठ्ठ्यातून आमचा कागद निघाला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. यादीत आमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक, म्हणजे ई-केवायसीला लागतो तो नंबर, आला. माझा फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) आधीच काढलेला होता, त्यामुळे ई-केवायसीच्या, म्हणजे आधारवरून ओळख पटवायच्या, रांगेत उभं राहावं लागलं नाही. पैसे जमा झाले तेव्हा खरंच जीव भांड्यात पडला. २०२५ ला रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले होते, तसं काही असेल तर त्याचीही चौकशी करा. आणि रक्कम तुम्ही पासबुक दाखवता त्या खात्यात जात नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. कोणतं खातं जोडलंय ते बँकेत आधीच विचारून ठेवा.

माझं तर म्हणणं आहे, पंचनाम्याला येतानाच तलाठ्यांनी संमतीपत्राचा छापील नमुना आणावा. तोवर सामाईक खातेदारांनी आपणच तयारीत राहावं. भाऊबीजेला बहिणी घरी येतात, पुण्या-मुंबईचे भाऊही येतात. त्याच दोन दिवसांत सह्या आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन ठेवा.