जळालेल्या गावात परत का जायचं?

मेलबर्नच्या उत्तर टोकाला मर्न्डा, डोरीन अशी नवी उपनगरं झाली आहेत. इथे आता इतके भारतीय आहेत की इंडियन दुकानात पोहे संपले की व्हॉट्सॲप ग्रुपवर बोंब होते. घरं शहरापेक्षा स्वस्त, शाळा नव्या, ट्रेन दाराशी. आणि निळसर डोंगर दिसतात. आम्ही घर बघायला आलो तेव्हा एजंटने त्या डोंगरांचं एवढं कौतुक केलं की जणू तेही किमतीत धरले होते. तिथे किंगलेक नावाचं गाव आहे हेही त्याने सांगितलं. ७ फेब्रुवारी २००९च्या वणव्यात तिथे काय झालं, ते मात्र शेजाऱ्यांकडून कळलं.

त्या दिवसाला इथे "ब्लॅक सॅटरडे" एवढं म्हटलं की पुरतं. त्या शनिवारी मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला होता. आदल्या आठवड्यात सलग तीन दिवस तो ४३च्या वर होता, त्यामुळे रान आधीच वाळून खडखडीत झालेलं. सकाळपासून वाळवंटाकडचा उत्तरेचा वारा सुटलेला. दुपारी बाराच्या आत किलमोर ईस्टला विजेची जुनी तार तुटली, गवत पेटलं आणि आग आग्नेयेकडे धावत सुटली. निलगिरीच्या कित्येक जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटते. वारा त्या पेटत्या पट्ट्या उचलतो आणि मैलोन्‌मैल पुढे नेऊन टाकतो. म्हणून इथे ज्वाळा दिसायच्या आधी निखारे पडायला लागतात: छपराच्या पन्हळीत, दाराच्या फटीत, पायपुसण्यावर. बरीचशी घरं अशीच जातात.

संध्याकाळी वारा फिरला आणि नैर्ऋत्येकडून यायला लागला. आपल्याला वाटेल, गार वारा आला, सुटका झाली. पण आग तोवर लांबच लांब आणि अरुंद पसरली होती. बाजूने वारा लागल्यावर तिची अख्खी लांबी पुढे सरकायला लागली आणि किंगलेकचा चढ चढली. आग चढावर जास्तच वेगाने पळते, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. अनेकांना धोक्याची सूचना मिळायच्या आत आग अंगणात होती.

व्हिक्टोरिया राज्यभरात १७३ माणसं गेली, त्यांतली ११९ या एका आगीत. दोन हजारांवर घरं राख झाली. स्ट्रॅथ्यूअन हे जेमतेम दोनशे वस्तीचं गाव, तिथली २७ माणसं गेली. तिथे कुणाच्या ओळखीचं कुणी गेलं नाही असं घर उरलं नसणार. आणि आदल्या आठवड्याच्या नुसत्या उष्म्याने व्हिक्टोरियात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले होते. आगीपेक्षा दुपटीहून अधिक. त्यांचं स्मारक कुठे नाही, कारण ते आपापल्या घरात, एकेकटे गेले.

मला पहिल्यापासून पडलेला प्रश्न अगदी साधा आहे: एवढं झाल्यावर लोक तिथेच परत का राहायला गेले?

आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, सरकारने पन्नासच्या आसपास गावं उचलून दुसरीकडे वसवली. रुंद रस्ते, रांगेतली घरं, जुन्या गावाचे ढिगारे मागे. बरं-वाईट काहीही असो, गाव म्हणून सगळे एकत्र हलले. इथे तसं झालं नाही. सरकारने धोक्याच्या जागांवरच्या जमिनी विकत घेण्याची योजना आणली, पण ती ऐच्छिक होती. परत बांधायचं, विकायचं की वर्ष-दोन वर्ष थांबून बघायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि तिथेच खरी भांडणं सुरू झाली. नवरा-बायकोत, भावंडांत, शेजाऱ्यांत.

लायब्ररीत भेटणाऱ्या एक बाई तेव्हा किंगलेकला राहत होत्या, आता खाली व्हिटलसीत राहतात. त्यांना परत जायचं नव्हतं, नवऱ्याला जायचं होतं. "त्याला वाटायचं, सोडून आलो तर हरलो," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, जिवंत आहोत तर जिंकलोच की." शेवटी तो वर राहिला आणि त्या खाली आल्या. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, मुलीच्या लग्नाची यादी वाचावी तसं सांगत होत्या.

तिथेच घर बांधलेल्या एका आजोबांना मी हाच प्रश्न विचारला. त्यांनी आधी मला विम्याचे आकडे सांगितले! घराचा विमा जुन्या हिशेबाने उतरवलेला, आणि आगीनंतर महिन्याभरात बांधकामाचे नियम कडक झालेले. आता प्लॉटला आगीचा धोका किती, ते मोजून श्रेणी देतात. सर्वांत वरच्या श्रेणीत खिडक्यांच्या काचा, व्हेंटवरची जाळी, दारं, डेकचं लाकूड, सगळंच वेगळं लागतं आणि खर्च अवाच्या सवा वाढतो. एवढं सगळं सोसून का बांधलंत, म्हटल्यावर म्हणाले, "दुसरीकडे गेलो असतो तर रोज कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. इथे कुणी विचारत नाही." मला हे उत्तर सर्वांत पटलं.

मेरीजव्हिल हे डोंगरातलं, पर्यटकांचं टुमदार गाव. त्याच शनिवारच्या दुसऱ्या एका आगीने ते संध्याकाळी गिळलं. बोटांवर मोजण्याइतक्या इमारती उरल्या. गॅलिपोली पार्कच्या मैदानावर जमलेले लोक वाचले. नंतर पोलिसांनी गावच बंद केलं, कारण त्यांच्या लेखी ती गुन्ह्याची जागा होती आणि अवशेष ओळखायचं काम चालू होतं. आपलं घर उरलं आहे की नाही हे डोळ्यांनी बघायलाही लोकांना थांबावं लागलं. यावरचा राग मी आजही ऐकला आहे. सरकार मदत करत असतानासुद्धा माणसाच्या हातातून त्याचं दुःख काढून घेऊ शकतं, हे त्या रागामागचं म्हणणं असावं.

उलट गोष्ट कुंपणांची. किलमोर ईस्टजवळच्या बटलर नावाच्या शेतकरी जोडप्याची कुंपणं जळाली. कुंपण नाही तर मेंढ्या रस्त्यावर. त्यांनी मदतीला लोक बोलावले, काम अपेक्षेपेक्षा लवकर उरकलं, मग तीच टोळी शेजारच्या शेतावर गेली. त्यातून ब्लेझएड ही संस्था उभी राहिली. आज देशात कुठेही आग किंवा पूर आला की निवृत्त लोक कॅराव्हॅन घेऊन जातात आणि तारा ओढतात. ते सांगतात की कुंपण निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे दिवसभर शेतकऱ्याच्या बाजूला उभं राहून खांब रोवणं. समुपदेशकासमोर तोंड न उघडणारा माणूस हातात पक्कड असली की बोलतो.

पण सगळं असं गोड नाही, आणि कौतुकाच्या लेखांत जे गाळलं जातं तेच मला लिहावंसं वाटतं. आगीनंतरच्या वर्षांत संशोधक तिथल्या बायकांशी बोलल्या, तेव्हा घरातल्या मारहाणीच्या गोष्टी बाहेर आल्या. काही घरांत ती आधीपासून होती, काही घरांत आगीनंतर सुरू झाली. ज्याने आगीतून चार माणसं बाहेर काढली, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार आणि ऐकणार कोण? "त्याने किती सोसलं आहे" म्हणून आजूबाजूचे गप्प, म्हणून तीही गप्प. हे वाचताना मला परका देश वाटला नाही.

मेलबर्न विद्यापीठाने या गावांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. बहुतेक लोक सावरले, पण जिथे हानी जास्त तिथे मानसिक त्रासाचं प्रमाण कित्येक वर्षांनंतरही जास्तच राहिलं. त्यात एक गंमतीची गोष्ट आहे. गावातल्या एखाद-दुसऱ्या मंडळात जाणाऱ्यांची तब्येत बरी होती, पण प्रत्येक समितीवर बसणारे दमून गेले होते. आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीला हे वाचून दाखवायला हवं.

चौकशी मात्र दणदणीत झाली. रॉयल कमिशनने ६७ शिफारशी केल्या. तोवरचं सरकारी धोरण असं, की तयारी असेल तर थांबून घर वाचवा, नाहीतर लवकर निघा. त्या दिवशी गेलेल्या १७३ जणांपैकी ११३ जण घरातच गेले होते. म्हणून आता "घर जाऊ दे, तू निघ" यावर भर आहे आणि आगीचा रोजचा धोका दाखवणाऱ्या पाटीवर सर्वांत वर "कॅटॅस्ट्रॉफिक" (महाभयंकर) ही पायरी आली. वीज कंपनी आणि इतरांवर लोकांनी एकत्र दावा लावला. २०१४ साली जवळपास ५० कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. पैसे मिळाले म्हणून कुणी खूश झालेलं मी ऐकलं नाही, पण तार का तुटली याचं उत्तर कोर्टात मागता आलं, याला तिथे किंमत आहे.

पुढच्या मोठ्या आगीत, २०१९-२०च्या उन्हाळ्यात, हे बदल कामी आले असं म्हणतात. त्या अख्ख्या मोसमात देशभर ३३ माणसं थेट आगीत गेली, क्षेत्र मात्र कितीतरी पट जळलं. ३१ डिसेंबरला मॅलाकूटाच्या समुद्रकिनाऱ्यावर हजारो लोक भरदिवसा काळ्याठिक्कर आणि मग लालभडक आकाशाखाली उभे होते आणि नौदलाच्या जहाजाने त्यांतल्या अनेकांना बाहेर काढलं. त्याच दिवसांत मेलबर्नहून शीख स्वयंसेवक व्हॅन घेऊन ईस्ट गिप्सलँडला गेले आणि भात-भाजी शिजवून वाढत राहिले. आमच्या ऑफिसातला कॉफीपलीकडे कधी न बोलणारा एक गोरा सहकारी मला त्याबद्दल "थँक यू" म्हणाला. मी शीख नाही, मी काही वाढलं नव्हतं. तरी ते घेऊन टाकलं.

व्हिटलसीत एक धातूचं झाड आहे. जगभरच्या लोहारांनी पानं घडवून पाठवली, गेलेल्यांची नावं त्यांवर आहेत. भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिथे नेते. कुणी फोटो काढतं, कुणी नावं वाचत बसतं. माझ्या सासूबाईंनी फक्त विचारलं, "आणि तुमच्या घराचं काय?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. आमच्या बाजूला जंगल नाही, पण उघडी माळरानं आहेत, आणि जानेवारीत वाळलेलं गवत पेटलं तर ती आग धावत्या माणसाला गाठते. कंट्री फायर अथॉरिटीचे, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाचे, स्वयंसेवक उन्हाळ्याआधी वस्तीत सभा घेतात. गेल्या सभेत आम्ही निम्म्याहून जास्त देशी होतो. स्वयंसेवकाने विचारलं, कोण कोण निघून जाणार? सगळ्यांचे हात वर. कधी निघणार? धूर दिसल्यावर, असं कुणीतरी म्हणालं. त्याने मान हलवली. धूर दिसला तेव्हा उशीर झालेला असतो, आदल्या रात्रीच निघा. आणि कुठे जाणार? यावर खोलीत शांतता.

आमचं आता ठरलं आहे. वरच्या पायरीचा इशारा आला की आदल्या संध्याकाळी ग्लेन वेव्हर्लीला दिरांकडे. पासपोर्ट, औषधं, चार्जर, सासूबाई असतील तर त्यांचे देव, एका बॅगेत. अहोंना गाडीत टीव्हीही घालायचा आहे, त्यावर अजून चर्चा चालू आहे.