भिंतीवरची दुसरी बाई

"मॅडम, ह्या आनंदीबाई ना? मग शेजारी कोण?" नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात भिंतीवरचे दोन फोटो बघून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की आता मान वर न करताच मी "डॉक्टर रखमाबाई" म्हणून मोकळी होते. बाहेर नंबर खोळंबलेले असतात. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आनंदीबाई आपल्या कल्याणच्या, त्यांच्यावर सिनेमा निघालाय, त्यामुळे त्या सगळ्यांना माहीत. १८८६ साली फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या आणि वर्षभरात, बाविशीही न गाठता, गेल्या. इथे पेशंट तपासणं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. रखमाबाईंनी मात्र सुरत-राजकोटला तीसहून जास्त वर्षं बायकांना तपासलं. म्हणून फोटो.

त्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. मोठ्या झाल्यावर नांदायला जायचं नाकारलं, तर १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, दावा ठोकला. १८८७ मध्ये कोर्टाचा हुकूम आला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल! शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

मग रखमाबाईंना लंडनला डॉक्टरकी शिकायला पाठवण्यासाठी धडपडल्या एडिथ पीची, मुंबईतल्या इंग्रज डॉक्टर. खरं तर तिसरा फोटो ह्यांचा हवा. एडिनबरा विद्यापीठात रसायनशास्त्रात अव्वल येऊनही, केवळ बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती खालच्या नंबरच्या मुलाला दिली. १८७० मध्ये परीक्षेला निघालेल्या त्यांच्यावर आणि मैत्रिणींवर जमावाने चिखल फेकला. विद्यापीठाने त्यांच्या हयातीत पदवी दिली नाही ती नाहीच. डॉक्टरकीचा परवाना मिळवला डब्लिनहून. १८८३ साली इकडून आनंदीबाई बोटीत बसल्या आणि त्याच वर्षी पीची मुंबईत उतरल्या, कामा हॉस्पिटल उभं करायला. (मला एम.एस.ला एक सर म्हणाले होते, "मुलींनी सर्जरी कशाला घ्यायची?" चिखल तरी नव्हता.)

रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला घेतलं. हे ऐकून एक आजी म्हणाल्या, "लोकांची तोंडं बंद करायला गं, दुसरं काय!"

तुरुंगाला न डरलेली बाई लोकांना भ्यायली? मला नाही पटलं. आजी मात्र बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन, मान हलवत गेल्या.