शत्रूला चेहरा द्यावा लागतो

जॉन मार्सडन यांची ‘टुमॉरो, व्हेन द वॉर बिगॅन’ ही १९९३ सालची ऑस्ट्रेलियन कादंबरी नुकतीच वाचून झाली होती. आज तिच्यावर स्टुअर्ट बीटी यांनी २०१० साली केलेला चित्रपट पाहिला. गावाबाहेरच्या डोंगरांत, ‘हेल’ नावाच्या दुर्गम खोऱ्यात मुक्कामाला गेलेली काही मुलेमुली परततात, तेव्हा घरे रिकामी असतात, गावकरी जत्रेच्या मैदानावर कैदेत असतात आणि देशात परकीय सैन्य उतरलेले असते. हा सांगाडा दोन्हीकडे एकच आहे.

मला अधिक विचारात पाडले ते शत्रूने. हे सैनिक कोणत्या देशाचे, हे मार्सडन यांनी मुद्दामच सांगितलेले नाही, आणि कथा सांगणाऱ्या, त्या गटातल्याच एलीच्या निवेदनात ते आपल्याला खटकतही नाही, कारण जीव मुठीत धरून लपलेल्या मुलीला गणवेश आणि बंदूक यांपलीकडे दिसणार तरी काय? पडद्यावर मात्र सैनिकाच्या भूमिकेत कोणीतरी माणूस उभा करावाच लागतो आणि त्याला नाक, डोळे, रंग असतातच. चित्रपटातले सैनिक आशियाई दिसतात. ज्या देशात उत्तरेकडून आशियाई लोक येऊन आपला देश बळकावतील ही भीती पिढ्यानपिढ्या बोलली गेली आणि गोऱ्यांखेरीज इतरांना देशात स्थायिक होऊ न देणारे ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ हे धोरण विसाव्या शतकात कित्येक दशके चालले, तिथे ही निवड निव्वळ पात्रयोजनेची बाब राहत नाही. एलीच्या गटातला ली हा आशियाई वंशाचा आहे, हे खरे. पण एका लीमुळे समोरच्या साऱ्या सैन्याचा तोल सावरला जातो, असे मला वाटले नाही. जे लेखकाला नुसते न लिहून साधले, ते दिग्दर्शकाला कितीही दाखवून साधणारे नव्हते.

दुसरी अडचण स्फोटांची. गवत कापायच्या यंत्राच्या इंधनाला आग लावून एली पाठलाग करणाऱ्या सैनिकांना मारते, हा प्रसंग पुस्तकात थोडक्यात उरकतो आणि त्याचे ओझे मात्र पुढे पानोपानी रेंगाळते. आपण माणसे मारली, मग आपण आता कोण झालो, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहते. साहसपटाला एवढी उसंत नसते. चित्रपटातली एलीही हादरते, पण कथेला पुलापर्यंत पोहोचायची घाई आहे, कारण इंधनाच्या टँकरने पूल उडवण्याचा तो प्रसंग हेच चित्रपटाचे खरे आकर्षण आहे. (तो चित्रित मात्र फार उत्तम झाला आहे, मीही खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो.) शिवाय पुस्तकातली एली लिहिते, तर पडद्यावरची कॅमेऱ्यासमोर बोलते. लिहिताना माणूस अडखळतो, खोडतो, एखादी गोष्ट टाळून पुन्हा तिच्याकडेच येतो. पुस्तकातली एली अशीच आपल्या परिचयाची होते, आणि बोलकी एली तशी होत नाही.

चित्रपटातच एक मिश्कील जागा आहे. एलीची मैत्रीण कॉरी हिच्या हातातल्या पुस्तकावरून दोघींमध्ये, पुस्तके बहुधा चित्रपटांहून सरसच असतात, अशा अर्थाचे बोलणे होते. बीटी यांना आपल्या टीकाकारांचा अंदाज आधीच आला असावा. चित्रपटाचा पुढचा भाग निघाला नाही, याचे मला फारसे वाईट वाटत नाही. कादंबरीमालेचे उरलेले सहा भाग मात्र मिळवून वाचणार आहे.