फळ्यावरची नावं

बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटरने खडू घ्यायचा, फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणारी मुले' लिहायचं आणि खाली नावं. पुन्हा बोललं तर नावापुढे फुली. मी चौथीत होते तेव्हा हेच होतं, आता चौथीला शिकवते तरी हेच चाललं होतं. खिचडीची ऑनलाइन माहिती भरायला मला रोज दहा मिनिटं जावं लागतं (रेंज असेल तर दहा!). तेवढ्यात फळा भरायचा.

आमची मॉनिटर हुशार, अक्षर वळणदार. मी आले की यादी वाचायचे, त्या पोरांना उभं करायचे, चार शब्द सुनवायचे. मारत नव्हते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि छड्या कपाटामागे गेल्या. पण त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेच्या जोडीला मानसिक त्रासही आहे. तेवढा भाग आम्ही जरा घाईतच वाचतो. छडी ठेवली आणि खडू नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात दिला.

एरवी मी खिचडीच्या वेळी दारात उभी असते. एकदा पाय दुखत होते म्हणून पोरांच्या पंगतीतच बसले. मॉनिटर भिंतीकडेला, शेजारी एक ताट मावेल एवढी जागा मोकळी. शेजारच्याला म्हटलं, "सरक की जवळ."

"नको बाई, ती नाव लिहिती."

तिने मान वर केली नाही. खिचडीतले वाटाणे बाजूला काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी मथळा बदलला: 'मदत करणारी मुले'. चार दिवस मी फार खुशीत होते. पाचव्या दिवशी कळलं, दोन बोरांना एक नाव असा भाव फुटलाय! हसू आवरेना, पण यादी पुसली. खरं सांगू, त्या आठवड्यात तिच्याभोवती पहिल्यांदाच घोळका दिसला होता. पुसताना जीव चुकचुकला.

आता मॉनिटर दर सोमवारी बदलतो, हजेरी क्रमांकाने. काम एकच: आज कोण आलं नाही ते बघायचं, का आलं नाही ते विचारून ठेवायचं. त्यातून मला कळलं की एक पोरगा बाजाराच्या दिवशी शेळ्यांमागे जातो. वर्षभर मी त्याला आळशी समजत होते. ऑफिसात जाताना पोरांच्या जोड्या लावून कोडी देते. गोंगाट कमी झालाय का? नाही. मुख्याध्यापक म्हणतात, बाई, वर्ग ढिला पडला. पडला असेल.

परवा ऑफिसातून परतताना व्हरांड्यापासूनच एक आवाज ऐकू येत होता, कोड्याच्या उत्तरावरून कडाक्याचं भांडण. दारात पोचले तर आमची जुनी मॉनिटर, बाकावर उभी.