हौद्यातली पेटी

"दहा-अकराचा पाना कुठंय?" या एका प्रश्नात माझ्या धंद्यातली किती वर्षं गेली, याचा हिशोब मी मुद्दाम केलेला नाही. पाना पेटीतच असायचा. कधी पाइप पान्याखाली, कधी सुतळीच्या गुंड्यात, एकदा तर तीन दिवसांपूर्वीच्या वडापावच्या कागदात निघाला. विहिरीच्या कठड्याला टेकून शेतकरी उभा, लाईट जायला पाऊण तास, आणि मी कोपरापर्यंत हात घालून पेटी ढवळतोय. त्या खडखडाटात माणसाची सगळी पत जाते. डॉक्टरनं बॅगेत असा आवाज केला तर पेशंट उठून चालता होईल.

माझं काम मोटारी आणि स्टार्टरचं. राहायला नाशकात सिडकोत, पण पोट दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांवर. ऑक्टोबर छाटणी झाली की फोन सुरू होतात, आणि ते असे, की बंद मोटार म्हणजे जणू घरातलं माणूस तापानं फणफणलंय. गाडी छोटा हत्ती. हौदा सातेक फूट लांब, पाच फुटाला जरा कमी रुंद, फाळका फूटभर उंच. त्यात पाइप, केबल, दोर, कप्पी, एखादी जळालेली मोटार, आणि उरल्या जागेत पेटी.

पहिली पेटी बाजारातली, पाच कप्प्यांची. उघडली की दोन्ही बाजूंना पंख पसरते. दुकानाच्या काउंटरवर फार देखणी दिसते ती. पण भरल्या हौद्यात पंख पसरायला जागा कुठली? आणि नाशिकच्या रस्त्यांवर रिवेट टिकतो किती? एकदा बांधावरून उतरताना वरचा कप्पा निखळला आणि पाव किलो वॉशर काळ्या रानात सांडले. त्यातले निम्मे अजून तिथंच असतील. पुढं कधी तरी नांगराला लागतील.

मग अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो. म्हटलं, पेटी माझ्या मापानं बनव. माप काढताना कळलं की पेटीचं माप अवजारांवरून निघतच नाही, गाडीवरून निघतं. उंची ११ इंच, कारण फाळक्याच्या वर डोकं काढलं तर ताडपत्री सपाट बसत नाही आणि पावसाचं पाणी तिथंच साचतं. लांबी २४, रुंदी १२. पत्र्यावरून वाद झाला.

"जाड पत्रा, अठरा गेजच घ्या भाऊ. तुमच्यामागं पोरंही वापरतील."

"पोरांचं राहू दे. पेटी बांधावरून उचलून मलाच न्यायचीये."

तिथंच कागदावर हिशोब मांडला. अठरा गेजमध्ये नुसती रिकामी पेटीच आठ किलोच्या वर जात होती. शेवटी तळ अठराचा, बाकी सगळं विसाचं, म्हणजे पातळ. साडेसहा किलोत भागलं. झाकणाला मात्र आतून दोन अँगल मारून घेतले, कारण मला त्यावर बसायचं होतं. विहिरीवर बसायला कोण खुर्ची देतंय? फॅब्रिकेशनवाला हसला, पण मारून दिले. बिजागरी झाकणाच्या लांबीइतकी अखंड. तळाला जुन्या टायरचे चार तुकडे, म्हणजे ब्रेक मारल्यावर पेटी हौद्यात घसरगुंडी खेळत नाही.

खरी मजा आतली. पूर्वी सातपूरला एका कारखान्यात होतो, तिथं भिंतीवर फळा होता आणि त्यावर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा पिवळ्या रंगानं काढलेली. पाना काढला की त्याची सावली मागं राहायची. साहेब लोक त्याला जपानी पद्धत म्हणत. मला मात्र आमच्या घरचा मिसळणाचा डबा आठवायचा. बायको बोलता बोलता, डब्याकडं न बघता मोहरी उचलते, हळद उचलते. हळदीच्या वाटीत जिरं गेलं तर घरात काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

म्हणून पेटीत खाचा करायच्या ठरवल्या. सुरुवातीला गादीचा स्पंज घातला. जुलैत त्र्यंबकच्या बाजूला चार दिवस काम निघालं आणि स्पंजानं तो सगळा पाऊस पिऊन ठेवला. पाचव्या दिवशी पान्यांवर केशरी बुरशी धरल्यासारखा गंज. मग चपलांचं सामान विकणाऱ्याकडून हवाई चपलेच्या तळव्याची शीट आणली. ती पाणी धरत नाही. तिच्यावर एकेक अवजार ठेवून पेननं रेघ मारायची आणि ब्लेडनं आरपार कापायचं. ब्लेड सरळ उभं धरावं लागतं. जरा कललं की खाच वरून बरोबर आणि खालून अरुंद होते, आणि पाना शेंगेतल्या दाण्यासारखा अडकून बसतो. पक्कडीच्या दोन मुठींमधला तो निमुळता तुकडा कापायला मला अर्धा तास लागला. पक्कड तपारियाची, म्हणजे सातपूरच्या त्र्यंबक रोडवरच्या कारखान्याची. देशभरातले वायरमन नाशिक खिशात घालून हिंडतात आणि बाहेर नाव होतं ते फक्त द्राक्षांचं.

कापताना आणखी एक कळलं. पान्यांचा आठाचा सेट असतो, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत, प्रत्येकाच्या दोन टोकांना दोन मापं. पण सहा एमएमच्या बोल्टला १० चा पाना लागतो, आठच्याला १३, दहाच्याला १७, बाराच्याला १९. म्हणजे आठातले चार कामाचे. बाकीचे चार इतकी वर्षं वऱ्हाडासारखे नुसतेच सोबत येत होते. त्यांना खाच दिली नाही. आता दर खंडेनवमीला सगळी अवजारं डिझेलनं पुसून पाटावर मांडतो, झेंडू वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी भरताना वर्षभरात हात न लागलेलं पोत्यात टाकतो. कोपऱ्यात कापराच्या दोन वड्या ठेवतो. त्यानं गंज धरत नाही असं जुने मिस्त्री सांगत. खरं-खोटं माहीत नाही, पण झाकण उघडल्यावर देवघराचा वास येतो आणि शेतकरी जरा अदबीनं बोलतो.

इथवर सगळं माझ्या मनासारखं. पण माझ्या हाताखाली भाचा आहे, आणि तो डावखुरा आहे.

पेटी मी माझ्या उजव्या हाताला साक्षी ठेवून आखलेली. पक्कड, टेस्टर, डिस्मिस उजवीकडं, मोटारीचं इन्सुलेशन तपासायचा मेगर डावीकडं. त्याचा हात दर वेळी पेटीवरून आडवा जायचा. महिनाभर तो काही बोलला नाही. मग एकदा सकाळी पेटी उघडली आणि पक्कडीच्या जागी मेगर! बघतो तर पठ्ठ्यानं शीट उचलून पालथी घातलेली. खाचा आरपार असल्यामुळं अख्खी पेटी आरशात पाहिल्यासारखी उलटली होती. एकही नवी खाच नाही.

"मामा, तुमचं काही कापलं नाही बघा," तो म्हणाला.

चिडायला जागाच ठेवली नव्हती. तेव्हापासून नियम असा, की गाडीची चावी ज्याच्याकडं, शीट त्याच्या बाजूनं.

मागच्या आठवड्यात चावी त्याच्याकडं होती. मोहाडीच्या बाजूला रात्रीची लाईट, अंधार, बॅटरी तोंडात धरलेली. दहा-अकरासाठी मी डावीकडं हात घातला. बोटांना नुसती खाच लागली. रिकामी. सकाळी ओझरजवळ स्टार्टर बदलला होता, तिथंच राहिला असणार. काम पक्कडीवर कसंबसं निभावलं आणि त्या काकांना फोन लावला.

"आहे ना, आहे," काका म्हणाले. "गोठ्याच्या कोयंड्यात घातलाय. उद्या न्या. आत्ता काढला तर वासरू बाहेर येईल."