तीन भागिले चार

माझ्या शाळेने मला जे दिलं त्यातलं सर्वांत टिकाऊ काय, असं कुणी विचारलं तर मी अंश आणि छेद यांच्यामधल्या आडव्या रेघेचं नाव घेईन. ती रेघ म्हणजे भागाकार, हे आमच्या गणिताच्या बाईंनी पाचवीत शिकवलं.

तोवर भागाकार हा एक धडा होता आणि अपूर्णांक दुसरा. ३ ला ४ ने भाग जात नाही, असंच सगळा वर्ग म्हणायचा. बाईंनी कागदाच्या तीन सारख्या पट्ट्या घेतल्या, चौघांना पुढे बोलावलं आणि समान वाटायला सांगितलं. प्रत्येक पट्टीचे चार भाग झाले. प्रत्येकाला प्रत्येक पट्टीतला एक, म्हणजे तीन पाव तुकडे मिळाले. ३ ÷ ४ चं उत्तर ३/४. नीट पाहिलं तर यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एका पट्टीचे चार भाग करून त्यातले तीन घेणं, आणि तीन पट्ट्या चौघांत वाटणं. दोन्हींतून तेवढाच कागद हाती येतो, हे आधी पटावं लागतं. बाईंनी त्यासाठी अख्खा तास दिला, आणि तो द्यायलाच हवा असं मला आज मुलांना शिकवताना वाटतं.

त्यानंतर ‘बाकी’ची सक्ती उरली नाही. १७ ÷ ५ मध्ये भागाकार ३, बाकी २. ती बाकीही पाचांत वाटली की ३ पूर्णांक २/५.

अपूर्णांकाने भागताना ‘उलटा करून गुणा’ हा नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही आहे. बाईंनी त्याचं कारण दाखवलं. ६ मध्ये १/४ किती वेळा बसतो? २४ वेळा. ३/४ त्याच्या तिप्पट, म्हणून तो एक तृतीयांश वेळाच बसणार: ८. म्हणजे आपण ६ ला ४ ने गुणलं आणि ३ ने भागलं. भागून उत्तर मोठं कसं येतं, हा प्रश्नच मिटला.

मला सर्वांत आवडला तो १/७. दशांशात भागत गेलं की ०.१४२८५७ येतं आणि पुन्हा १४२८५७. भाग पुरा जात नसेल तर ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच उरणार, त्यामुळे कधीतरी जुनी बाकी परत येते आणि तेच अंक पुन्हा सुरू होतात. मग बाईंनी १/१३ दिला. इथे बाकी बारा प्रकारची असू शकते, पण ०.०७६९२३ नंतर, सहाच अंकांत, फेरी पूर्ण झाली. असं का, ते बाईंनी सांगितलं नाही. आम्ही काहीजण मधल्या सुट्टीतही वर्गातच भागत बसलो.