डच शब्द नेमका कुठं मोडायचा?

भाची डच शिकतीया, राजारामपुरीतल्या खोलीत बसून दिवसभर घसा खरवडत असते, आणि परवा तिच्या वहीत हे दिसलं: आरबाइट्सऑनखेस्खिक्टहाइट्सफरझेकेरिंग! म्हणजे काय तर काम करायची ताकद गेली तर मिळणारा विमा, लई लांबडं काम भावा. पण फोडायची रीत सरळ आहे, आधी जोड, म्हणजे छोटे शब्द एकमेकांना चिकटलेत ती जागा, शोधायचा आन् मगच अक्षरं पाडायची, मधला जोडाचा 'स' त्याच्या आधीच्या तुकड्याकडं राहतो: आर-बाइट्स-ऑन-खे-स्खिक्ट-हाइट्स-फर-झे-के-रिंग, दहा तुकडे. जोड चुकला की गंमत, 'फाल-काउल' म्हणजे सापळ्याचा खड्डा, तोच 'फाल्क-आउल' तोडला तर ससाणा-घुबड. आपल्या संधीत महा आणि उत्सवचा 'महोत्सव' होऊन जोडच विरघळतो, त्यापेक्षा डच परवडलं म्हणायचं.